दीर्घिका डोक्यावर येण्याची वाट पाहू नका : सोलापुरातून स्मार्ट दुर्बिणीने दीर्घिका कशा टिपाव्यात

दर फाल्गुनात माझ्या फोनवर साधारण तीनच तऱ्हेचे फोटो येतात. पहिल्यात दीर्घिकेच्या जागी बोट लागल्यासारखा करडा डाग असतो. दुसऱ्यात मधले तारे गोल आणि कोपऱ्यातले कमानीसारखे ओढलेले. तिसरा सगळाच हिरवट. खाली प्रश्न एकच : "दुर्बीण बिघडलीय का?"

ही स्मार्ट दुर्बीण, म्हणजे फोनवरून चालणारी आणि स्वतःच लक्ष्य शोधून फोटो काढणारी, बहुतेक वेळा ठणठणीत असते. आपण व्हिडिओ पाहतो इंग्लंड-अमेरिकेतले आणि उभे असतो १७.७ अंश अक्षांशावर. तिकडे बरोबर असलेला सल्ला इथे उलटा पडतो. म्हणून हा लेख सोलापूरच्या आकाशाचा हिशेब धरून लिहिला आहे. आकडे ५० मिलिमीटर भिंग आणि २५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीचे आहेत, म्हणजे सीस्टार एस ५० किंवा तिच्या जवळपासची. ड्वार्फ ३ सारख्या लहान दुर्बिणीला क्रम हाच लागू होतो, फक्त दीर्घिका आणखी छोट्या दिसतील.

१. रात्र ठरवा

चंद्र असेल तर दीर्घिका नाही, इतकं साधं आहे. पौर्णिमेच्या आसपास तारकागुच्छ काढा किंवा झोपा. आपले महिने अमावास्येला संपतात, त्यामुळे दिनदर्शिकेवरून हिशेब सोपा जातो. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माघ अमावास्या, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी फाल्गुन अमावास्या, त्यानंतर महिन्याने चैत्र अमावास्या. या तिन्हींच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस म्हणजे सिंह आणि कन्या राशीतल्या दीर्घिकांचा हंगाम.

देवयानी (एम ३१), एम ३३ आणि दक्षिणेकडची एनजीसी २५३ या दिवाळीच्या दिवसांतल्या. (एम आणि एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंच्या दोन याद्यांची नावं, पुढचा आकडा त्यातला क्रमांक.) पण लक्ष्मीपूजनाची अमावास्या कितीही काळोखी असली तरी फटाक्यांच्या धुरात तिचा उपयोग शून्य. वसुबारसेच्या आधीच्या दोन-तीन रात्री गाठा. तेव्हा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि देवयानी त्याआधीच उंच आलेली असते.

एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव कोसळला आणि संध्याकाळी आभाळ फाटलं, तर घरातली कामं टाकून निघा. धूळ धुऊन गेलेली ती रात्र वर्षातल्या सर्वोत्तम रात्रींपैकी असते. उलट, गाळप हंगामात पाचट पेटवल्याचा धूर क्षितिजावर थर धरून बसतो. त्या दिवसांत क्षितिजापासून ४० अंशांखालचं काही टिपायला जाऊ नका.

*तपासा :* सप्तर्षीतल्या वसिष्ठाजवळची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते का? दिसली तर रात्र कामाची. डोळे ताणून दिसत असेल तर फक्त तेजस्वी लक्ष्यं घ्या. दिसतच नसेल तर परत फिरा.

२. जागा निवडा, पण दिशा बघून

"शहराबाहेर जा" हा सल्ला अर्धवट आहे. शहर आपल्या पाठीशी राहील अशा बाजूला जायचं.

संध्याकाळी सिंह-कन्येकडे पाहायचं तर पूर्व मोकळी हवी, म्हणून अक्कलकोट किंवा नळदुर्गच्या बाजूला जा. सोलापूरचा उजेड मग पश्चिमेला राहतो. एम ८१ आणि एम ५१ उत्तरेकडच्या, त्यांच्यासाठी तुळजापूर रस्त्याची किंवा बार्शी रस्त्याची बाजू. नान्नजचा माळ पाहून मोह होतो, पण अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही. हद्दीबाहेर ओळखीचं रान शोधा. दक्षिणेकडच्या लक्ष्यांसाठी होटगीच्या बाजूचा वीज प्रकल्प आणि त्याचे दिवे मागे टाकूनच थांबा.

साखर कारखान्यापासूनही लांब राहा. हंगामात तिथे रात्रभर दिवे आणि वाफ असते.

शेतात जाणार असाल तर मालकाला आणि पोलीस पाटलांना दिवसाच सांगून ठेवा. माळावर रात्री लाल दिवा हलताना दिसला की गाव आधी काठ्या काढतं, प्रश्न नंतर विचारतं. शेजारच्या रानात शेतीपंपांना रात्रपाळीची वीज आहे का, हेही विचारा. पाणी द्यायला आलेल्या माणसाची बॅटरी आणि विहिरीवरचा दिवा थेट भिंगात येतो.

*सावधान :* आपल्या माळावर फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. बूट घाला, बॅग जमिनीवर उघडी ठेवू नका आणि केबल उचलण्याआधी उजेड पाडा.

गच्चीवरून काहीच होत नाही असं नाही. जुळे सोलापुरातल्या गच्चीवरून एम ८२, एम १०४, एम ६६ या छोट्या आणि घट्ट उजेडाच्या दीर्घिका नीट येतात. एम १०१ मात्र येत नाही. तिची प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका लहान तितकी वस्तू उजळ) ७.९ आहे, म्हणजे एम ६६ पेक्षा ती कागदावर एका प्रतीने उजळ. पण तो उजेड जवळजवळ चंद्रबिंबाएवढ्या जागेत पसरलेला आहे, आणि शहराच्या आकाशात तो विरघळून जातो. यादीतला प्रतीचा आकडा पाहून लक्ष्य निवडणं ही नव्या लोकांची हमखास चूक.

३. लक्ष्य आणि वेळ यांची जोडी लावा

हा टप्पा घाईत वाचू नका. दहांपैकी आठ फोटो इथेच बिघडतात.

सगळीकडे लिहिलेलं असतं : वस्तू जितकी उंच तितकी हवा कमी, म्हणून ती डोक्यावर आली की टिपा. हवेबद्दल ते खरं आहे. पण स्मार्ट दुर्बीण नेहमीच्या मांडणीत दोनच हालचाली करते, आडवी फिरते आणि वर-खाली होते. आकाश मात्र ध्रुवाभोवती फिरतं. त्यामुळे वस्तू चौकटीच्या मध्यावर राहिली तरी भोवतालचं चित्र हळूहळू गरगरतं. याला क्षेत्रभ्रमण म्हणतात. वस्तू खमध्याजवळ, म्हणजे अगदी डोक्यावर, गेली की हे भ्रमण प्रचंड वाढतं, शिवाय दुर्बिणीला आडव्या दिशेने भराभर फिरावं लागतं.

लंडनहून सिंहेतलं त्रिकूट (एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८) जास्तीत जास्त ५१-५२ अंशांपर्यंत चढतं. तिकडच्या माणसाने "सर्वात उंच असताना काढा" म्हटलं तर त्याचं बरोबर आहे. सोलापुरातून तेच त्रिकूट ८५ अंशांवर जातं. कन्येतली मार्कारियन साखळी ही दीर्घिकांची रांगही तितकीच. तिथे चित्र तासाला दीडशे अंशांहून अधिक वेगाने फिरतं. नुसत्या १० सेकंदांच्या एका फ्रेममध्येही, म्हणजे दुर्बीण एकत्र रचते त्या शेकडो फोटोंपैकी एकातही, कोपऱ्यातला तारा आठ-नऊ पिक्सेल ओढला जातो. तो दुसऱ्या तऱ्हेचा फोटो असा तयार होतो.

आता आपल्या फायद्याची बाजू. आपला अक्षांश कमी असल्याने हे त्रिकूट पूर्वेकडून जवळजवळ सरळ उभं चढतं. साधारण ४८ अंश उंचीवर ते बरोबर पूर्वेला असतं आणि त्या क्षणी क्षेत्रभ्रमण शून्य असतं. ३० ते ७० अंशांच्या सगळ्या पट्ट्यातच ते नगण्य राहतं. म्हणजे आपली खरी वेळ डोक्यावर येण्याआधीची, पूर्वेकडची. उरलेली संधी पश्चिमेला उतरताना, पहाटेकडे.

२० मार्चच्या आसपासची रात्र धरून माझा क्रम असा असतो :

रात्री ८ ते साडेदहा : सिंहेतलं त्रिकूट. पूर्वा फाल्गुनीच्या खालच्या ताऱ्याजवळ शोधा. अंतर सुमारे साडेतीन कोटी प्रकाशवर्षं. तिन्ही दीर्घिका एकाच चौकटीत मावतात. साडेदहाला त्या ७० अंशांवर पोचल्या की थांबा, मोह झाला तरी.

पावणेअकरा ते दीड : एम ५१ किंवा एम १०४, दोन्हींपैकी एकच. एम ५१ सप्तर्षीच्या शेपटातल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर आहे. ती आपल्याकडे ६० अंशांपलीकडे फारशी जातच नाही, म्हणून खमध्याची भीती नाही. एम १०४ चित्रेच्या पश्चिमेला ११ अंशांवर, तिचीही कमाल उंची ६० च्या आसपास. पहिल्यांदाच करत असाल तर एम १०४ घ्या. धुळीचा काळा पट्टा अर्ध्या तासात दिसायला लागतो आणि घरच्यांनाही पटतं की पैसे वाया गेले नाहीत.

एम ८१ आणि एम ८२ ही जोडी सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे. सप्तर्षीतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंतची रेघ तितकीच पुढे वाढवली की ती सापडते. सोलापुरातून ती उत्तरेला ३८-३९ अंशांपर्यंतच चढते, त्यामुळे उत्तरेचं क्षितिज स्वच्छ हवं.

दक्षिणेकडे आपण श्रीमंत आहोत. नरतुरंग तारकासमूहातली एनजीसी ५१२८ आपल्याकडे २९ अंशांपर्यंत येते. लंडनकरांना ती कधी उगवतच नाही. मात्र चित्रण मध्यरात्रीनंतर आणि निवळ हवेतच.

दर आठवड्याला ही सगळी घड्याळं जवळपास अर्ध्या तासाने अलीकडे सरकतात. एप्रिलच्या मध्याला त्रिकूट अंधार पडतानाच ६० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा मार्चची वेळ डोळे झाकून वापरू नका.

*तपासा :* निघण्याआधी अ‍ॅपमधल्या नकाशात सुरुवातीची आणि शेवटची वेळ टाकून उंची बघा. दोन्ही आकडे ३० आणि ७० च्या मध्ये असायला हवेत, एनजीसी ५१२८ तेवढी अपवाद.

४. घरून निघण्याआधी

दुर्बीण आणि पॉवर बँक पूर्ण चार्ज करा. दुर्बिणीतली जागा मोकळी करा. १० सेकंदांच्या दोन तासांच्या ७२० फ्रेम होतात आणि प्रत्येक फिट्स फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) सुमारे ४ एमबीची, म्हणजे जवळजवळ ३ जीबी. प्रत्येक फ्रेम वेगळी साठवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आत्ताच चालू करा. तो बंद राहिला तर वाऱ्याने हललेल्या फ्रेम नंतर काढून टाकता येत नाहीत.

फर्मवेअर अपडेट निघण्याच्या दिवशी करू नका. मी एकदा नळदुर्ग रस्त्यावर, रेंज नसलेल्या जागी "अपडेट पूर्ण करा" या पाटीकडे तासभर बघत बसलो होतो.

भिंगावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते. ती फुंकणीने उडवा. रुमालाने किंवा टॉवेलने पुसू नका, टॉवेल सोलापूरचा असला तरी.

५. जागेवर मांडणी, याच क्रमाने

उजेड असताना पोचा, पण दुर्बीण बंदच ठेवा. सूर्याचा फिल्टर नसताना भिंग मावळत्या सूर्याकडे गेलं तर सेन्सर जळतो.

ट्रायपॉड जमिनीवर, पाय न वाढवता. दुर्बीण जेमतेम अडीच किलोची आहे आणि माळावरचा वारा तिला हलवतो. मधल्या दांड्याला पाण्याची बाटली भरलेली पिशवी अडकवा, पण ती झुलणार नाही इतकी खाली टेकवा. गाडीच्या बॉनेटवर किंवा लोखंडी टेबलावर मांडू नका. आतलं होकायंत्र चुकतं आणि दुर्बीण चित्रेऐवजी भलतीकडे तोंड करून बसते.

मग समतल करा. अ‍ॅपमधला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाय जुळवा. "जवळपास आहे की" म्हणून पुढे जाणारे नंतर अर्धा तास लक्ष्य शोधत बसतात.

फोनचं लोकेशन चालू, मोबाइल डेटा बंद. दुर्बिणीच्या वाय-फायला इंटरनेट नसतं, म्हणून बरेच फोन गुपचूप ते सोडून देतात आणि माणूस दुर्बिणीला दोष देतो.

गच्चीवर असाल तर आणखी एक. चैत्र-वैशाखात स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री त्यातून उष्ण हवा वर येते. सूर्यास्तानंतर दोन-तीन बादल्या पाणी मारा आणि साडेनऊपर्यंत थांबा. पाण्याची टाकी पूर्वेला येणार नाही असा कोपरा बघा.

शेवटी दुर्बीण चालू करून अर्धा तास नुसती बाहेर ठेवा. या दुर्बिणींतल्या सेन्सरला वेगळं शीतकरण नसतं. तापमान साधारण ६-७ अंशांनी वाढलं की सेन्सरमधला उष्णतेचा गोंगाट (चित्रातले खोटे ठिपके) दुप्पट होतो, आणि दिवसा ४२ अंशांत गाडीत ठेवलेली दुर्बीण आठ वाजताही आतून गरमच असते. डार्क फ्रेम, म्हणजे हा गोंगाट वजा करण्यासाठी भिंग झाकून घेतलेल्या फ्रेम, त्यानंतरच घेतल्या जाऊ द्या. काही दुर्बिणींत त्या आपणच घ्याव्या लागतात.

६. फिल्टर, फोकस, एक्सपोजर

*फिल्टर.* हिरवट फोटोचं मूळ इथे. अ‍ॅपमध्ये "लाइट पोल्यूशन" किंवा "एलपी" नावाचा फिल्टर असतो. नाव वाचून वाटतं की शहरात हा हवाच. प्रत्यक्षात तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रंगांभोवतीचे दोन पट्टे तेवढे सोडतो. तेजोमेघ त्याच रंगांत चमकतात, म्हणून मृगातल्या तेजोमेघाला तो उत्तम. दीर्घिकेचा उजेड मात्र अब्जावधी ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. फिल्टर लावला की त्यातला बहुतेक उजेड आपणच फेकून देतो. दीर्घिकांसाठी तो बंद. गच्चीवरूनही बंद.

काही अ‍ॅप लक्ष्य बदललं की फिल्टर स्वतःच ठरवतात, म्हणून प्रत्येक लक्ष्याला पुन्हा बघा. एम ८१ चा एक अख्खा तास मी असाच घालवला आहे.

*फोकस.* सुरुवातीला स्वयंचलित फोकस करा, मग दर तासाने. संध्याकाळ ते मध्यरात्र तापमान आठ-दहा अंश उतरतं आणि फोकस सरकतो.

*एक्सपोजर.* नवख्यांनी १० सेकंद. त्रिकूट पूर्वेला असताना २० चालतात. उत्तरेकडच्या एम ५१ ला नेहमीच्या मांडणीत १० च बरे, २० ला कोपरे ओढले जातात.

*दवरोधक हीटर.* उन्हाळ्यात माळावर बंद, बॅटरी खातो आणि आत उष्णता वाढवतो. डिसेंबर-जानेवारीत उसाच्या किंवा कालव्याच्या कडेला असाल तर चालू.

*तपासा :* पहिल्या तीन फ्रेम मोठ्या करून चारही कोपरे बघा. सगळे तारे एकाच दिशेला लांबट असतील तर वारा किंवा कललेली मांडणी. कोपऱ्यातलेच कमानीसारखे असतील तर क्षेत्रभ्रमण. सगळेच फुगलेले गोल असतील तर फोकस.

७. आता हात लावू नका

पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावर डाग दिसतो आणि माणूस पुढच्या दीर्घिकेकडे वळतो. एका रात्रीत बारा दीर्घिका, बाराही करड्या. पहिल्या तऱ्हेचा फोटो तो हाच.

गोंगाट वेळेच्या वर्गमूळाने कमी होतो. चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर वेळ चौपट लागतो. १५ मिनिटांपेक्षा दुप्पट चांगलं म्हणजे एक तास, आणि त्याच्याही दुप्पट म्हणजे चार तास, जे दोन-तीन रात्रींत विभागून घ्यावे लागतात. माझ्या मते एका दीर्घिकेला दोन तासांहून कमी वेळ देणं म्हणजे पेट्रोल जाळणं. गच्चीवरून त्याहून जास्त वेळ धरा.

देवयानीचा घोळ वेगळा आहे. ती आकाशात सुमारे तीन अंश लांब पसरलेली आणि आपली चौकट जेमतेम सव्वा अंशाची. साध्या पद्धतीने फक्त तिचं पोट येतं. मोझेक मोड (शेजारशेजारचे भाग टिपून जोडणारा) वापरा, आणि चौकट जितक्या पट मोठी कराल तितक्या पट वेळ द्या.

फ्रेम नाकारल्या जात असतील तर घाबरू नका. दहातली एक-दोन गेली तरी चालतं. निम्म्या जायला लागल्या तर वारा, ढग किंवा ७० अंशांची मर्यादा, यांपैकी एक कारण असतं. दर अर्ध्या तासाने एवढंच बघा आणि बाकी वेळ शेंगाचटणी-भाकरीला द्या.

८. इक्वेटोरियल मोड, पण पहिल्या हंगामात नाही

या मोडमध्ये दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे कलवतात. क्षेत्रभ्रमण संपतं, फ्रेम लांब घेता येतात, खमध्याची अडचणही जाते. मग आधीच का नको? कारण ध्रुवतारा आपल्याकडे १८ अंशांच्याही खाली आहे. व्हिडिओतली दुर्बीण थोडी तिरकी दिसते, तर आपल्याला ती उभीपासून ७२ अंश, म्हणजे जवळजवळ आडवी करावी लागते. तिचा सगळा भार ट्रायपॉडच्या बाहेर लोंबतो.

करायचंच असेल तर ट्रायपॉडचा एक पाय बरोबर उत्तरेला, कललेल्या दुर्बिणीच्या खाली ठेवा. पाय पूर्ण फाका, दक्षिणेच्या बाजूला वजन द्या आणि भक्कम वेज (दुर्बीण कलती धरणारा तिरका आधार) वापरा. मोबाइलच्या फोटोसाठीचं प्लॅस्टिकचं मुंडकं चालणार नाही.

*सावधान :* हात सोडण्याआधी दुर्बीण बंद अवस्थेत सगळ्या बाजूंनी हलकेच ढकलून बघा. दक्षिणेकडचे पाय उचलले जात असतील तर मोड रद्द.

९. घरी आल्यावर

अ‍ॅपमधला जेपीजी नातेवाइकांना पाठवायला. खरं काम फिट्स फाइलवर. सिरिल आणि ग्रॅक्सपर्ट हे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत.

आधी हललेल्या फ्रेम काढून उरलेल्यांचा स्टॅक करा, म्हणजे त्या एकावर एक रचून एकच चित्र बनवा. मग कडा कापा, कारण चित्र फिरल्याने त्या फाटक्या असतात. त्यानंतर पार्श्वभूमीचा उतरता उजेड काढा, मग रंगांचं अंशांकन, आणि सगळ्यात शेवटी ताण देऊन उजेड वर आणा. हा क्रम उलटला, आधी ताणलं आणि मग उजेड काढायला गेलं, की दीर्घिकेभोवती काळं कडं तयार होतं आणि ते परत निघत नाही.

पार्श्वभूमी कुट्ट काळी करू नका. सर्पिल भुजांची टोकं त्या काळ्यातच बुडतात. गोंगाट काढण्याचा स्लायडरही अर्ध्यावरच ठेवा, नाहीतर दीर्घिका मेणाची दिसते.

फाइलच्या नावात तारीख, दीर्घिका, एकूण मिनिटं आणि जागा लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच दीर्घिकेचा फोटो जुन्याशेजारी ठेवून बघा. १९ मे २०२३ रोजी एम १०१ मधला एसएन २०२३ आयएक्सएफ हा अतिनवतारा (स्फोट झालेला तारा) जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने शोधला, आणि पुढे कित्येक आठवडे तो लहान दुर्बिणींतूनही टिपता येत होता. तुमच्या फोटोत एखादा तारा जास्तीचा दिसला तर रात्रीच्या पहिल्या निम्म्या आणि नंतरच्या निम्म्या फ्रेमचे वेगळे स्टॅक करा. लघुग्रह असेल तर सरकलेला दिसेल, सेन्सरमधला दोष असेल तर दोन्ही स्टॅकमध्ये ताऱ्यासारखा टिकणार नाही. दोन्हींत जागच्या जागी राहिला तर ट्रान्झियंट नेम सर्व्हर या, अतिनवताऱ्यांसारख्या नव्या शोधांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या भागातल्या ताज्या नोंदी तपासा.